चार बोटं

बंदूक माझ्या हातात बानं कधी दिली नाही.
दिला तो चुलीतला कोळसा.
"काढ बघू सांबर," म्हणायचा,
आणि मी गोठ्याच्या सारवल्या भिंतीवर काढायची;
आधी शिंगं, मोठीच्या मोठी,
कारण तेवढीच मला जमायची.

"आता सांग, कुठं?"
मी कपाळावर बोट ठेवलं.
बा हसला नाही.
"डोकं न्हवं गे. डोकं ऐकत असतंय,
पान पडलं तरी वळतंय.
गोळी जबड्याला लागली तर
जनावर आठ दिवस पाण्याकाठी उभं राहतंय
आणि त्याला पाणी पिता येत न्हाई."
हे सांगताना त्यानं स्वतःचा जबडा धरला होता.
कुणाची गोळी, कधीची, मी विचारलं नाही.

मग माझं बोट धरून त्यानं खाली आणलं,
मानेवरून, खांद्यावरून,
पुढच्या पायाच्या मागं,
कोपराच्या वर चार बोटं.
"हिथं. भाकरीएवढी जागा.
आत भाता असतोय, लोहाराचा असतोय तसा.
तो फुटला की कळायच्या आत संपतंय.
पण आडवं उभं असंल तरच.
तोंड आपल्याकडं, तर न्हाई.
पाठ आपल्याकडं, तर न्हाई.
पळत्याला न्हाईच न्हाई.
आणि मागं पाडस असंल
तर बंदूक खाली ठेव, डबा वाजव."

परवाना पीक राखायचा, वर कन्नड शिक्का.
जांबोटीच्या वरच्या अंगाला, ऐनाच्या झाडावर आमचा माळा.
नीट आडवं उभं राहणारं सांबर
वर्षातून एकदा यायचं, फार तर दोनदा.
बाकीच्या रात्री ती आमच्याकडं तोंड करून भात खायची
आणि बा नळीमागून त्यांच्याकडं बघत बसायचा.
सकाळी आई बांधावर उभी राहून म्हणायची,
"जावई जेवून गेले काय रात्री?"
बा तंबाखू मळायचा.

एका दिवाळीनंतर हेम्मडग्याचा मष्णू
पहाटेच दारात आला.
तीन सेलची नवी बॅटरी,
तिच्या उजेडात त्यानं पळत्याला मारली होती.
"लागली, लुमाण्णा. रगात हाय. मिळंना झालंय."
बानं रक्ताचं पान हुंगलं.
काळपट, त्यात चघळल्या गवताचा हिरवा चोथा.
"पोटात," एवढंच म्हणाला
आणि खाली बसून बिडी पेटवली.
मष्णूचे पाय जाग्यावर ठरेनात.
"आत्ता हाकललं तर डोंगर चढंल. बसू दे त्याला."
दुसरी बिडी. तिसरी.
बसू दे म्हणजे दुखू दे,
हे मला तिसऱ्या बिडीला कळलं.

दुपारी ओढ्याच्या जाळीत सापडली. मादी.
मान उचलून बघत होती आमच्याकडं,
कान अजून ऐकत होते.
जवळून, समोरून, मष्णूनं मारली असती.
बा वाकून, लांबचा वळसा घेऊन,
पायाखालची पानं चाचपत
तिच्या कुशीला गेला.
आवाज एकच झाला.

मष्णू वाट्यासाठी पळसाची पानं तोडायला लागला.
बा म्हणाला, "आमच्यात आज सोमवार."
त्या दिवशी गुरुवार होता.

पुढं कायदा आला. बंदूक खानापूरच्या ठाण्यात जमा,
पावती अजून ट्रंकेत आहे.
सांबरं आता अंगणापर्यंत येतात, आडवी उभी राहतात,
आणि माझा डोळा, मेला,
अजून तिथंच जातो.

बा थकला तेव्हा बेळगावच्या दवाखान्यात
डॉक्टर म्हणजे पोरगंच, धारवाडकडचं.
थंड चकती छातीवर फिरवत फिरवत
काखेखाली आणून थांबलं.
"उसिरु तगोळ्री, अज्जा."
बानं श्वास घेतला. फाटका भाता वाजला.
मान माझ्याकडं वळवून पुटपुटला,
"पोरगं बरोबर जागी आलं गे."

काय म्हणाले, डॉक्टरनं विचारलं.
पाणी मागतायत, मी म्हटलं,
आणि मग द्यावंच लागलं.
बा तांब्याभर प्यायला.